एचओ मापाच्या मॉडेल रेल्वेचा ओव्हल: लांबच्या बाजूला इंजिन मंदावतं, एक पॉइंट (गाडीला दुसऱ्या रुळावर वळवणारा सांधा) बदलला की शॉर्ट. ट्रॅकला वायरी कुठे आणि कशा जोडाव्यात?

लूपलाइन
नमस्कार मंडळी. २.४ × १.२ मीटरच्या प्लायवर एचओचा ओव्हल बसवला आहे. कोड १०० फ्लेक्स (हवा तसा वाकवता येणारा) ट्रॅक, ९१४ मिमीच्या सहा लांब्या. पुढच्या सरळ बाजूला पासिंग लूप (मेन लाइनला समांतर दुसरा ट्रॅक) आहे, त्याच्या दोन टोकांना दोन इलेक्ट्रोफ्रॉग पॉइंट, म्हणजे ज्यांचा फ्रॉग (पॉइंटमध्ये दोन रूळ व्ही आकारात मिळतात तो भाग) धातूचा असतो. १२ व्होल्टचा साधा डीसी कंट्रोलर, आणि त्याच्या दोन वायरी एकाच ठिकाणी, डाव्या पॉइंटच्या जरा अलीकडे, रुळांना जोडल्या आहेत. बाकी सगळा करंट फिशप्लेटांमधूनच (रुळांचे तुकडे जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) फिरतो. ट्रॅक खिळ्यांवर आहे, खडी अजून टाकलेली नाही.

अडचणी अशा:
१. मागच्या सरळ भागात इंजिन जवळजवळ निम्म्या वेगावर येतं, हेडलाइटही मंद होतो. पुढे आलं की पुन्हा ठीक.
२. एकच पॉइंट बदलला की कंट्रोलर ट्रिप होतो. दोन्ही एकदम लूपकडे वळवले तर लूप चालतो, पण मग दोन पॉइंटमधली मेन लाइन मृत.
३. ड्रॉपर (रुळापासून बोर्डाखाली उतरणाऱ्या वायरी) किती घालावेत, वायर किती जाडीची, आणि स्लीपर न वितळवता रुळाला सोल्डर कसं करायचं?

पुढे डीसीसीवर (रुळांतून डिजिटल सिग्नल देऊन प्रत्येक इंजिन वेगळं चालवण्याची पद्धत) जायचं आहे. वायरिंग एकदाच करायचं म्हणतो.

मिलीव्होल्ट
वायरी ओढण्याआधी मीटर लावा. व्होल्टेज नेमकं कुठे गळतंय हे कळल्याशिवाय ड्रॉपर घातलेत तर दोष झाकला जाईल आणि डीसीसीवर गेल्यावर पुन्हा वर येईल.

इंजिन उचलून ठेवा. गाडीत वापरतात तो १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब घ्या, त्याच्या दोन वायरींना क्रोकोडाइल क्लिप लावा आणि मागच्या बाजूला दोन्ही रुळांवर चिकटवा. तो ०.४ अँपिअरच्या आसपास खेचतो, म्हणजे एका इंजिनाएवढा लोड झाला. कंट्रोलरचा नॉब पूर्ण फिरवा. आधी कंट्रोलरच्या टर्मिनलवर मोजा, मग बल्बपाशी. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे वाटेत हरवलेले व्होल्ट. लोड न लावता मोजलंत तर दोन्हीकडे १२ च दिसेल आणि सगळं ठीक आहे असं वाटेल. मोजताना सर्वाधिक होणारी चूक हीच.

आता मीटर मिलीव्होल्टवर ठेवून एकेका फिशप्लेटच्या अलीकडे-पलीकडे, त्याच रुळावर, दोन प्रोब टेकवा. चांगला सांधा मोजके मिलीव्होल्ट दाखवतो. १०० च्या वर गेला तर तो सांधा वाईट. ०.४ अँपिअरला एखाद्या सांध्यावर १ व्होल्ट पडत असेल तर तिथे अडीच ओहमचा अडथळा बसला आहे. रुळाच्या माथ्यावरची घाण प्रोबखाली आली तर आकडा खोटा येतो, म्हणून प्रोबचं टोक जरा रोवून धरा.

ओव्हलमध्ये मागच्या भागाला करंट दोन्हीकडून पोचतो, त्यामुळे एकच सांधा बिघडला तर कळतही नाही, कारण दुसऱ्या वाटेने काम चालून जातं. इंजिन इतकं मंदावतंय याचा अर्थ किमान एका रुळाच्या दोन्ही वाटा कमजोर आहेत. तुमच्या उजवीकडच्या वाटेत दोन पॉइंट येतात. फ्रॉगमधून जाणारा रूळ तिथे फक्त पात्याच्या (पॉइंटच्या हलणाऱ्या रुळाच्या) स्पर्शावर जगतो. स्टॉक रूळ (पॉइंटचा बाहेरचा, न हलणारा रूळ) आणि पातं यांच्यामध्येही तसेच प्रोब लावून बघा, तोही एक सांधाच आहे.

निकल सिल्व्हरला दोष देण्याची घाई करू नका. त्यात चांदी नसते, तांबं, निकल आणि जस्त असतं, आणि त्याचा रोध तांब्याच्या दहापटींहून जास्त आहे हे खरं. तरी साडेपाच मीटरच्या ओव्हलमध्ये एका इंजिनासाठी नुसत्या रुळामुळे होणारी घट व्होल्टच्या काही दशांशांपलीकडे जात नाही. वेग निम्मा होतो तो फिशप्लेटांमुळे. फिशप्लेट रूळ सरळ रेषेत धरायला असते. वीज वाहून नेण्याचं काम ती नवी असताना करते. मग ती सैल होते, आत ऑक्साइड धरतं, रंग किंवा खडीचा गोंद शिरतो.

सांधेजोड
मोजमाप झालं की नियम सोपा आहे: रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचा ड्रॉपर. दोन तुकड्यांत एक पुरतो असंही सांगतात, आणि मधला सांधा सोल्डर केलेला असेल तर ते बरोबर आहे. पण तुमचा ट्रॅक अजून उघडा आहे. आत्ता बारा-पंधरा ड्रॉपर जास्त घालणं हे एका दुपारचं काम. खडी चिकटल्यावर तेच काम नकोसं होतं.

तुमचा हिशोब: ओव्हलच्या सहा लांब्यांना १२, लूपचे दोन तुकडे धरले तर ४, दोन पॉइंटच्या स्टॉक रुळांना ४, आणि दोन फ्रॉगना एकेक. एकूण २२. मात्र पॉइंटच्या पलीकडे इन्सुलेटेड जॉइनर बसवल्याशिवाय तिथले ड्रॉपर जोडू नका. त्याचं कारण फ्रॉगबद्दल लिहीन तेव्हा येईल.

ड्रॉपरसाठी ०.२ चौरस मिमीची वायर (७/०.२ किंवा २४ गेज) चालते, अट एवढीच की लांबी २०–३० सेंमीच्या आत राहावी. त्याहून जाड वायर रुळाला दिसते आणि सोल्डर करताना उष्णताही जास्त मागते. बोर्डाखालून जाणारी बस (सगळ्या ड्रॉपरना वीज देणारी मुख्य वायरजोडी) जाड हवी: १.५ चौरस मिमीची तांब्याची मल्टिस्ट्रँड. तिचा रोध मीटरला १२ मिलीओहमच्या आसपास असतो. कंट्रोलरपासून बसच्या टोकापर्यंत ३ मीटर धरले तर जाऊन-येऊन ६ मीटर, म्हणजे ७२ मिलीओहम. डीसीसीत ३ अँपिअर वाहिले तरी ०.२२ व्होल्ट पडतील. तुमच्या आकाराला २.५ चौरस मिमीची गरज नाही. बस १० मीटरच्या पुढे गेली किंवा ५ अँपिअरचा बूस्टर (डीसीसीत ट्रॅकला वीज पुरवणारं यंत्र) आला तर ती घ्या.

बस ओव्हलच्या खालून दोन फांद्यांमध्ये न्या आणि मागे त्यांची टोकं एकमेकांना जोडू नका. रिंग बंद केली तर शॉर्ट शोधणं अवघड होतं. टोकं उघडी असली की मध्ये एक कनेक्टर सोडवायचा आणि शॉर्ट कोणत्या अर्ध्यात आहे ते लगेच कळतं. मग त्या अर्ध्याचा अर्धा. चार-पाच खेपांत जागा सापडते.

रंग: बाहेरच्या रुळाला लाल, आतल्या रुळाला काळा, फ्रॉगला हिरवा. कोणतेही घ्या, पण शेवटपर्यंत पाळा. ड्रॉपर ज्या भोकातून खाली येतो त्याच्या शेजारी बोर्डाखाली पेन्सिलने 'ला' किंवा 'का' लिहून ठेवा. खाली डोकं घालून बघताना डावं-उजवं उलटं दिसतं आणि निम्मे शॉर्ट त्यातूनच होतात. प्रत्येक ड्रॉपर बसला जोडला की मीटरच्या बीपवर दोन्ही बस वायरींमध्ये तपासा. वाजला तर चूक आत्ताच्या ड्रॉपरची आहे हे नक्की. बावीस जोडून मग तपासलं तर कोणता उलटा आहे ते शोधत बसाल. तपासताना इंजिन आणि बल्ब ट्रॅकवरून काढा, नाहीतर त्यांच्यामुळेही बीप येतो.

बसला जोडायला लिव्हरचे कनेक्टर सोयीचे. वागो २२१ प्रकारात ४ चौरस मिमीपर्यंतची वायर आणि ०.१४ पर्यंतची बारीक मल्टिस्ट्रँड, दोन्ही धरतात. नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या जोडण्या करू नका. उष्णतेने टेपचा गोंद सुटतो.

कथील
सोल्डरिंगबद्दल मी लिहितो, कारण स्लीपर वितळतात ते बहुतेक वेळा आयर्न फार गरम असल्यामुळे नाही, तर थंड आणि टोकदार असल्यामुळे. २५ वॅटचं सुईसारख्या टोकाचं आयर्न रुळाला तापवू शकत नाही. माणूस ते दहा-पंधरा सेकंद दाबून धरतो, तेवढ्यात उष्णता रुळातून दोन्हीकडे पसरते आणि आजूबाजूचे, रूळ धरून ठेवणारे प्लास्टिकचे चेअर मऊ पडतात. गेज (दोन रुळांमधलं अंतर) १६.५ मिमीवरून सरकतं आणि नंतर चाकं तिथेच उतरतात. ५०–६० वॅटचं, तापमान ठेवता येणारं आयर्न घ्या, ३५० ते ३७० अंश सेल्सिअस, छिन्नीसारखं ३ मिमीचं टोक. स्पर्श दोन सेकंद. तीनच्या पुढे गेलात तर आयर्न उचला, रूळ पूर्ण गार होऊ द्या, पुन्हा साफ करून बघा.

सोल्डर ६०/४० किंवा ६३/३७, रोझिन कोअरचं, ०.७ ते १ मिमी जाडीचं. ६३/३७ हे १८३ अंशांना एकदम वितळतं आणि एकदम गोठतं, त्यामुळे वायर हलून होणारे कोरडे सांधे कमी. शिसं नसलेलं सोल्डर साधारण २१७ च्या वर वितळतं. चालतं, पण प्लास्टिकच्या शेजारी तेवढा वाव कमी मिळतो. नळजोडणीचं ॲसिड फ्लक्स अजिबात नको. ते राहिलं की वायरीचे बारीक धागे हिरवे होऊन आतून तुटतात. शिशाचं सोल्डर वापरलं तर खिडकी उघडी ठेवा आणि नंतर हात धुवा.

क्रम असा:

– दोन स्लीपरांच्या मध्ये, रुळाच्या बाहेरच्या कडेला लागून २ मिमीचं भोक पाडा.
– रुळाची बाहेरची बाजू बारीक कानशीने किंवा ग्लासफायबर पेनने चकाकेपर्यंत घासा. निकल सिल्व्हर चमकदार दिसलं तरी त्यावर ऑक्साइड असतं, आणि त्यावर सोल्डर थेंबासारखं गोळा होऊन पडतं.
– वायर ६ मिमी सोला, धागे पिळा, त्यावर सोल्डर चढवा. मग टोकाचे ३ मिमी काटकोनात वाकवा.
– रुळावर किंचित फ्लक्स लावून त्या जागी पातळ सोल्डर चढवा. नखाएवढा गोळा नको, नुसता मुलामा.
– दोन्ही बाजूंच्या एकदोन स्लीपरांवर ओला कापूस ठेवा किंवा रुळाला धातूचे क्लिप लावा.
– वायर खालून वर घ्या, वाकवलेलं टोक रुळाच्या कमरेला टेकवा, लाकडी काडीने धरा, आयर्नचं टोक वरून दाबा. सोल्डर दोन्हीकडून वाहून एकजीव झालं की आयर्न उचला, वायर तीन-चार सेकंद हलवू नका.
– आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग वायर हलकेच ओढून बघा. निघाली तर सांधा झालाच नव्हता.

सोल्डर रुळाच्या आतल्या बाजूला कधीच नको, तिथे चाकाची फ्लँज धावते. ज्या लांब्या अजून खिळलेल्या नाहीत किंवा सहज उचलता येतात त्यांना ड्रॉपर रुळाच्या तळाशी जोडा: दोन स्लीपरांमधली प्लास्टिकची पट्टी कापायची, ट्रॅक उलटा धरायचा, सोल्डर करायचं. खडी टाकल्यावर काहीच दिसत नाही.

गेज१६५
ड्रॉपर देण्याऐवजी सगळ्या फिशप्लेटच सोल्डर करून टाकल्या तर बावीस भोकं वाचतील, हेही सांगायला हवं.

कथील
वाचतील, पण रूळ अडकेल. एक मीटर रूळ २० अंशांनी तापला तर ०.३ मिमीच्या आसपास वाढतो. साडेपाच मीटरचा अखंड ओव्हल म्हणजे दीड मिमीहून जास्त. त्यात प्लाय आणि लाकूड ओलाव्याने फुगतं-आकसतं, आणि ते रुळाच्या वाढीपेक्षा जास्त त्रास देतं. जागा मिळाली नाही की रूळ बाजूला फुगतो, कधी पॉइंटपाशी.

वळणावर मात्र सोल्डर कराच. फ्लेक्सच्या दोन लांब्या सरळ असताना फिशप्लेटला सोल्डर करून मग वाकवल्या तर सांध्यावर कोन येत नाही. सरळ भागात सांधे सुटे, ०.५ मिमी फट, आणि दोन्हीकडे ड्रॉपर. पॉइंटला लागून असलेले सांधेही सोल्डर करू नका, पॉइंट कधीतरी काढावा लागतो.

सांधेजोड
सहमत. आता तुमचा दुसरा प्रश्न. कंट्रोलर बरोबर वागतोय, पॉइंटही. इलेक्ट्रोफ्रॉगमध्ये फ्रॉग धातूचा आणि त्याला जोडलेले दोन्ही व्ही-रूळ त्याच ध्रुवतेचे. पॉइंट बदलला की पातं दुसऱ्या स्टॉक रुळाला टेकतं आणि फ्रॉगची ध्रुवता उलटते. तुमच्या लूपमध्ये डाव्या फ्रॉगपासून निघालेला मेन लाइनचा आतला रूळ थेट उजव्या फ्रॉगला जाऊन मिळतो. दोन्ही पॉइंट एकाच बाजूला असतील तर दोन्ही फ्रॉग सारखे. एकच बदलला तर एक फ्रॉग धन, दुसरा ऋण, आणि मधला रूळ त्यांना जोडतोय. म्हणून ट्रिप. दोन्ही लूपकडे केल्यावर मेन लाइन मृत होते कारण तिचे दोन्ही रूळ तेव्हा एकाच ध्रुवतेवर येतात.

उपाय: प्रत्येक पॉइंटच्या फ्रॉगकडून निघणाऱ्या दोन्ही रुळांवर, म्हणजे एकूण चार ठिकाणी, धातूच्या फिशप्लेटऐवजी प्लास्टिकचे इन्सुलेटेड जॉइनर. त्यांच्या मधल्या पट्टीमुळे रूळ एकमेकांना टेकत नाहीत, ती पट्टी कापून टाकू नका. मग त्यांच्या मधल्या दोन्ही रुळांना, म्हणजे मेनच्या लूपकडच्या आणि लूपच्या मेनकडच्या रुळाला, बसवरून स्वतंत्र ड्रॉपर. त्या दोन रुळांना आता दुसरा कोणताच मार्ग उरत नाही, त्यामुळे तिथले ड्रॉपर ऐच्छिक नाहीत. यानंतर मेन आणि लूप दोन्ही कायम जिवंत राहतील. डीसीवर याचा तोटा हा की लूपमध्ये उभं केलेलं इंजिनही मेनसोबत चालू लागेल. डीसीसी येईपर्यंत लूपच्या मेनपासून लांबच्या रुळाच्या दोन्ही टोकांनाही इन्सुलेटेड जॉइनर लावा आणि त्या रुळाचा ड्रॉपर साध्या ऑन-ऑफ स्विचमधून न्या. डीसीसी आली की स्विच चालू ठेवायचा, एवढंच.

फ्रॉगला पात्याच्या स्पर्शावर सोडू नका. पॉइंट मोटरवरचा किंवा वेगळा मायक्रोस्विच घ्या, तीन टर्मिनलचा: कॉमन टर्मिनल फ्रॉगच्या हिरव्या वायरीला, बाकीची दोन बसच्या लाल आणि काळ्याला. पॉइंट बदलताच शॉर्ट झाला तर लाल-काळ्याची अदलाबदल करा.

पॉइंट उलटा करून बघा. पात्यांच्या मागे, क्लोजर रूळ (पात्यापासून फ्रॉगकडे जाणारा रूळ) आणि फ्रॉग यांच्यामध्ये दोन बारीक तारा दिसत असतील तर डीसीसीसाठी त्या कापा, आणि प्रत्येक क्लोजर रूळ शेजारच्या स्टॉक रुळाला वायरच्या छोट्या तुकड्याने जोडा. यामागचं कारण: मूळ रचनेत उघडं पातं फ्रॉगच्या ध्रुवतेवर असतं. एखाद्या चाकाची मागची बाजू त्या पात्याला घासली की क्षणिक शॉर्ट. डीसीवर तो जाणवतही नाही, डीसीसीचा बूस्टर मात्र लगेच बंद पडतो. बदल केल्यावर पातं आणि त्याचा स्टॉक रूळ नेहमी एकाच ध्रुवतेवर, मग चाक घासलं तरी काही होत नाही. तारा कापल्यावर फ्रॉगला वीज फक्त स्विचमधूनच मिळते, त्यामुळे स्विच आधी बसवा.

लूपलाइन
बल्ब लावून मोजलं. कंट्रोलरवर ११.८, मागे ७.१. बाहेरचा रूळ सगळीकडे ठीक, एकही सांधा १५ मिलीव्होल्टच्या वर नाही. आतल्या रुळावर डाव्या वळणाच्या शेवटच्या सांध्यावर ४.५ व्होल्ट. उजव्या पॉइंटचं पातं आणि स्टॉक रूळ यांच्यामध्ये ४.२. डीसीसीसाठी आत्ताच आणखी काय करून ठेवावं?

मिलीव्होल्ट
आकडे नीट जुळतात, दोन्ही वाटा एकाच रुळावर अडल्या होत्या. वळणावरची ती फिशप्लेट चिमटा मारून घट्ट करू नका, बदला आणि सोल्डर करा. पात्याच्या टोकाची आतली बाजू आणि स्टॉक रूळ अल्कोहोलने पुसा, पण भरवसा मायक्रोस्विचवर ठेवा.

डीसीसीसाठी तीन गोष्टी. सेटमधल्या फीडर ट्रॅकच्या किंवा क्लिपच्या पोटात बऱ्याचदा रेडिओचा खरखराट दाबणारा कपॅसिटर असतो. डीसीसीचा सिग्नल म्हणजे ५८ आणि १०० मायक्रोसेकंदांच्या पल्सची मालिका, तो कपॅसिटर ती विकृत करतो. तो तुकडा काढून साधा ड्रॉपर द्या. दुसरं, बसच्या दोन वायरी एकमेकींभोवती सैल पिळून न्या, मीटरला दहाएक पीळ पुरतात. तिसरं, डीसी कंट्रोलर आणि डीसीसी एकाच वेळी कधीही बसवर नकोत. दोन्ही ठेवायचे असतील तर मध्ये दोन पोलचा चेंजओव्हर स्विच, मधल्या स्थानी बंद होणारा.

गेज१६५
आणि काम झाल्यावर नाण्याची चाचणी. डीसीसी चालू करून, ट्रॅकवरची इंजिनं उचलून, धातूचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं टेकवायचं. बूस्टर तत्काळ ट्रिप व्हायला हवा. मग दर ५० सेंमीवर, प्रत्येक पॉइंटवर, लूपच्या टोकाला तसंच. १५ व्होल्ट आणि ३ अँपिअरच्या बूस्टरला वाटेत ५ ओहमचा अडथळा आला तर शॉर्टमध्ये जेमतेम ३ अँपिअर वाहतात. बूस्टर ते साधा लोड समजून देत राहतो आणि घसरलेल्या डब्याच्या बोगीत, सांध्यात मिळून ४५ वॅट तापतात. प्लास्टिकची बोगी तेवढ्यात वितळते. जिथे नाणं टेकवून ट्रिप होत नाही, तिथे अलीकडचा ड्रॉपर ओढून बघा, बहुधा कोरडा सांधा निघेल. खडी त्यानंतरच टाका.